स्पार्कस्टेशन २० आणि ओ२ चा प्रोसेसर वाढवताना: सोलापूरच्या उन्हाळ्याचा हिशेब धरून

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे नव्याने वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. सोलापूरच्या पूर्व भागातलं एक टेक्स्टाइल डिझाइनचं ऑफिस बंद झालं. तिथली दोन जुनी वर्कस्टेशनं काकांकडून पुतण्याकडे, म्हणजे जुळे सोलापुरात राहणाऱ्या आपल्या एका मित्राकडे आली आहेत. एक सनचं स्पार्कस्टेशन २०, आत एसएम५० हे एकच प्रोसेसर मॉड्यूल. दुसरं सिलिकॉन ग्राफिक्सचं ओ२, आत १८० मेगाहर्ट्झचा आर५००० प्रोसेसर. दोन्ही सुरू होतात. त्यांचे प्रश्न तीन: स्पार्कस्टेशनमध्ये २०० मेगाहर्ट्झपर्यंतचे हायपरस्पार्क प्रोसेसर मिळतात म्हणे, ते घ्यावेत का? ओ२ मधला प्रोसेसर काढून ६०० मेगाहर्ट्झचा लावतात तसं नवी पेठेतल्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातून करून घेता येईल का? आणि खर्च आधी कुठे करावा?

मी दिवसा इलेक्ट्रॉनिक जकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेचे, कंट्रोल बोर्ड दुरुस्त करतो आणि संध्याकाळी ही जुनी मशीनं. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. स्पार्कस्टेशनसाठी एक चांगलं एसएम६१ किंवा एसएम७१ मॉड्यूल घ्या, हायपरस्पार्कच्या मागे लागू नका. ओ२ मधली चिप उपटू नका, अख्खं प्रोसेसर कार्ड बदला. आणि पहिला खर्च प्रोसेसरवर नको. पॉवर सप्लाय, पंखे आणि डिस्कवर करा. कारणं सविस्तर सांगतो, कारण तुमच्या जागी आणखी कुणी वेगळं मशीन घेऊन बसला असेल तर त्याला उत्तरापेक्षा कारणं जास्त उपयोगी पडतील.

स्पार्कस्टेशन २० हे १९९४ चं मशीन. पिझ्झाच्या खोक्यासारखा चपटा डबा, आत प्रोसेसरसाठी दोन एमबस स्लॉट. एमबस म्हणजे प्रोसेसर आणि मेमरी यांच्यामधला रस्ता, या मशीनमध्ये तो जास्तीत जास्त ५० मेगाहर्ट्झने चालतो. त्या रस्त्याचा वेग तुम्ही कुठलंही मॉड्यूल लावलंत तरी वाढत नाही. एवढी एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवली की पुढचं सगळं सोपं जातं.

सनने मॉड्यूलना दिलेली नावं वाचायला शिका. एसएमनंतरचा पहिला आकडा वेग सांगतो: ५ म्हणजे ५०, ६ म्हणजे ६०, ७ म्हणजे ७५, ८ म्हणजे ८५ मेगाहर्ट्झ. दुसरा आकडा ० असेल तर मॉड्यूलवर बाहेरची कॅश (प्रोसेसरच्या हाताशी ठेवलेली लहान, वेगवान मेमरी) नाही, १ असेल तर एक मेगाबाइट कॅश आहे. तुमचं एसएम५०, म्हणजे कॅश नाही. त्याच्या आतला सुपरस्पार्क हा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बनवलेला, १९९२ साली आलेला प्रोसेसर. त्याच्या पोटात सूचनांसाठी २० किलोबाइट आणि डेटासाठी १६ किलोबाइट कॅश आहे, तेवढीच काय ती. त्यात जे मावत नाही त्यासाठी प्रत्येक वेळी एमबसवरून मेमरीपर्यंत जाऊन यायचं.

कॅशवाल्या मॉड्यूलमध्ये प्रोसेसरच्या जोडीला कॅश कंट्रोलरची एक वेगळी चिप असते. ती दोन कामं करते. एक, एक मेगाबाइटची वेगवान मेमरी प्रोसेसरच्या हाताशी ठेवते. दोन, प्रोसेसरचा वेग बसच्या वेगापासून सोडवते. बिनकॅशचा प्रोसेसर बसच्या तालावरच चालतो, म्हणून एसएम५० हे ५० वर अडलेलं आहे. एसएम६१ आणि एसएम७१ आपापल्या वेगाने चालतात आणि बसशी गरजेपुरताच व्यवहार करतात.

हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर एक छोटा सी प्रोग्रॅम लिहा. एक ॲरे घ्या, त्यातून ठराविक उड्या मारत पुन्हा पुन्हा फिरा आणि एका वाचनाला सरासरी किती वेळ लागतो ते छापा. ॲरेचा आकार ८ किलोबाइटपासून सुरू करून दर वेळी दुप्पट करत ४ मेगाबाइटपर्यंत न्या. उड्या निदान ६४ बाइटच्या ठेवा, नाहीतर कॅशमधली शेजारची ओळ फुकटात मिळते आणि आकडे गोड दिसतात. तुमच्या एसएम५० वर १६ किलोबाइटपर्यंत आलेख सपाट असेल, ३२ ला तो एकदम चढेल आणि मग वरच राहील. एसएम६१ वर १६ नंतर थोडासा चढ दिसेल, मग जवळजवळ एक मेगाबाइटपर्यंत पुन्हा सपाट जमीन, आणि खरी उडी त्याच्याही पुढे. आता विचार करा, तुमचा कंपायलर, एक्स विंडो, एखादं डिझाइनचं सॉफ्टवेअर, यांतलं काय १६ किलोबाइटमध्ये मावतं? ५० वरून ६० मेगाहर्ट्झ म्हणजे कागदावर वीस टक्के वाढ. रोजच्या वापरात मशीन त्याहून कितीतरी जास्त बदलल्यासारखं वाटतं, ते या मधल्या सपाट पट्ट्यामुळे.

याच कारणासाठी दुसऱ्या स्लॉटमध्ये आणखी एक एसएम५० लावू नका. स्वस्त मिळतं, दोन प्रोसेसर असल्याचं समाधानही मिळतं. पण बिनकॅशचे दोन प्रोसेसर एकाच बसवर मेमरीसाठी रांग लावतात. एक डेटा आणत असताना दुसरा थांबलेला. एकाच कॅशवाल्या मॉड्यूलचा पर्याय त्याहून कधीही सरस.

आता हायपरस्पार्क. हे रॉस टेक्नॉलॉजीचे प्रोसेसर, २०० मेगाहर्ट्झपर्यंत आले. सनने स्वतःही १२५ आणि १५० चे मॉड्यूल स्पार्कस्टेशन २० मध्ये विकले, त्यामुळे हा काही आडवाटेचा जुगाड नव्हे. एकेका मॉड्यूलवर दोन प्रोसेसर असलेले दोन मॉड्यूल लावून या चपट्या डब्यात चार प्रोसेसर बसवलेले लोक आहेत, आणि ती करामत बघायला मलाही आवडते. पण हायपरस्पार्कच्या चिपमध्ये फक्त सूचनांसाठी ८ किलोबाइट कॅश आहे. डेटासाठी चिपवर कॅशच नाही, सगळी मदार मॉड्यूलवरच्या बाहेरच्या कॅशवर, आणि ती २५६ किलोबाइटपासून एक मेगाबाइटपर्यंत काहीही असू शकते. म्हणून १५० मेगाहर्ट्झचा हायपरस्पार्क हा ७५ मेगाहर्ट्झच्या सुपरस्पार्कच्या दुप्पट नव्हे. आकडेमोडीच्या कामात तो पुढे जातो, पण जाहिरातीतला आकडा वाचून जेवढी अपेक्षा वाटते तेवढा नाही. २५६ किलोबाइटवाला तर मी सुचवणारच नाही.

त्यात प्रॉमचा प्रश्न येतो. मशीन सुरू होताना जो ओपनबूट प्रोग्रॅम चालतो तो बोर्डावरच्या प्रॉम चिपमध्ये असतो, आणि मॉड्यूल ओळखायचं काम त्याचं. जुनी प्रॉम असलेल्या मशीनमध्ये हायपरस्पार्क लावलात तर पडदा काळा राहतो आणि माणूस समजतो की मॉड्यूल मेलेलं आलं. हायपरस्पार्कसाठी प्रॉम २.२५ असली की निर्धास्त. एसएम७१ घेण्याआधीही आवृत्ती बघा. बघणं सोपं आहे: मशीन सुरू होताना स्टॉप आणि ए ही दोन बटणं एकदम दाबा, ‘ओके’ असं दिसेल, तिथे ‘बॅनर’ टाइप करा. पडद्यावर मशीनचं नाव, रॉम आवृत्ती, मेमरी आणि ईथरनेट पत्ता येतो. त्याचा फोटो काढून ठेवा. मग ‘मॉड्यूल-इन्फो’ टाइप करा, बसवर काय लागलंय आणि किती वेगाने चाललंय ते कळेल. विकत घ्यायच्या आधी हे दोन फोटो, आणि घेतल्यावर पुन्हा हेच दोन.

ईथरनेट पत्त्याच्या जागी नुसते एफएफ दिसत असतील, किंवा आयडीप्रॉममधला मजकूर चुकीचा असल्याचा संदेश येत असेल, तर एनव्हीरॅम, म्हणजे मशीनची ओळख आणि सेटिंग जपणाऱ्या चिपमधली बॅटरी संपली आहे. ही एमके४८टी०८, बॅटरी तिच्या डोक्यावर काळ्या प्लास्टिकच्या आत ओतून बंद केलेली. नवी म्हणून मिळणाऱ्या चिपा पुष्कळदा जुन्याच साठ्यातल्या असतात, म्हणून मी त्यांच्या वाटेला फारसा जात नाही. वरचं प्लास्टिक बॅटरीच्या बाजूने हळूहळू घासून आतल्या दोन पट्ट्या उघड्या करायच्या, जुन्या बॅटरीचा संबंध तोडायचा आणि तिथे सीआर२०३२ चा होल्डर वायरने जोडायचा. घासताना मास्क लावा, ती धूळ श्वासात जाण्यासारखी नाही. मग ‘एमकेपी’ कमांडने पत्ता पुन्हा लिहायचा. प्रोसेसर बदलायच्या आधी हे उरकून घ्या. नाहीतर एका वेळी दोन बिघाड समोर येतात आणि कुठला कशाचा ते कळत नाही.

आता उन्हाळा. परदेशातले छंदी लोक चार हायपरस्पार्कच्या गोष्टी सांगतात तेव्हा त्यांच्या खोलीत वीस-बावीस अंश असतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात बाहेर ४२-४४ अंश होतात आणि स्लॅबखालच्या खोलीत संध्याकाळी त्याहून फार वेगळी स्थिती नसते. हीटसिंकचं गणित साधं आहे: प्रोसेसर खोलीच्या तापमानापेक्षा इतके अंश वर राहणार, एवढंच ते ठरवतं. खोली वीस अंशांनी तापली की प्रोसेसरही वीस अंशांनीच तापतो. गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, जानेवारीत, रात्रभर चालवून पास झालेलं मशीन मे महिन्यात दुपारी तीन वाजता अडकतं ते त्यामुळे. म्हणून सोलापुरात कुठल्याही अपग्रेडची चाचणी एप्रिलनंतर, दुपारी, डब्याचं झाकण लावून घ्या. झाकण उघडं ठेवून घेतलेली चाचणी काही सांगत नाही. या डब्यातली हवा कुठून शिरायची आणि कुठून निघायची हे झाकण बंद असतानाच ठरतं, उघड्या डब्यात ती मॉड्यूलवरून जातच नाही.

स्पार्कस्टेशन २० च्या त्या डब्यात उष्णता करणारी तीन मंडळी आहेत: प्रोसेसर मॉड्यूल, डिस्क आणि १५० वॅटचा पॉवर सप्लाय. यांतली डिस्क तुम्ही आज काढून टाकू शकता. जुन्या स्कझी डिस्क (स्कझी ही त्या काळची डिस्क जोडायची पद्धत) चांगल्याच तापतात आणि आता त्यांचा भरवसाही नाही. त्याऐवजी ब्लूस्कझी किंवा झुलूस्कझीसारखा एसडी कार्डावर चालणारा अडॅप्टर लावा. आतला कनेक्टर ८० पिनांचा आहे, त्यामुळे ८० वरून ५० पिनांवर आणणारा छोटा बोर्ड जोडीला लागेल. मशीन शांत होतं, थंड होतं, आणि पॉवर सप्लायवरचा भारही उतरतो. आधी जुन्या डिस्कची पूर्ण प्रतिमा उतरवून घ्या. त्यात काकांच्या ऑफिसची डिझाइनं असतील तर ती प्रोसेसरपेक्षा मोलाची आहेत. चादरीच्या आणि टॉवेलच्या जकार्ड डिझाइनचे ग्राफ कागदावरचे होते ते कधीच फाटून गेले. डिस्कवर राहिलेत ते तरी राहू देत.

पंख्यांबद्दल एक खास आपल्या गावची गोष्ट. यंत्रमागाच्या भागात राहिलेल्या मशीनच्या आत साधी धूळ नसते, कापसाचा तूस असतो. तो हीटसिंकच्या पात्यांमध्ये दाबून बसतो आणि वरून पाहिलं तर नुसता करडा थर दिसतो. पूर्व भागातून आलेल्या मशीनचा हीटसिंक मी आधी मऊ ब्रशने मोकळा करतो. तेव्हा पात्यांच्या मधून तुसाची अख्खी पट्टी निघते, नमद्याच्या तुकड्यासारखी, पात्यांचे ठसे उमटलेली. ती निघाल्यावरच ब्लोअर, आणि ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं. पंखा हवेने गरगर फिरला तर बेअरिंग जातं, आणि फिरता पंखा उलट वीजही तयार करतो. तूस काढायच्या आधी थेट ब्लोअर मारला तर तो पॉवर सप्लायमध्ये जाऊन बसतो, तिथून मग तो निघत नाही.

आणि कूलरसमोर मशीन ठेवू नका. उन्हाळ्यात मोह होतो, मला मान्य आहे. पण कूलरची हवा दमट, आपलं पाणी जड, आणि त्या बारीक थेंबांबरोबर आलेला क्षार बोर्डावर पांढरा थर धरतो. एमबसच्या कनेक्टरमध्ये तो गेला तर मॉड्यूल कधी ओळखलं जाईल, कधी नाही. मशीन कूलरच्या उलट भिंतीला ठेवा, किंवा मे महिन्यात सकाळी चालवा आणि दुपारी बंद ठेवा.

पॉवर सप्लायचे कपॅसिटर तीस वर्षांचे झाले आहेत. मॉड्यूल मोठं घेतलं की पाच व्होल्टच्या लाइनवर ओढ वाढते, आणि थकलेले कपॅसिटर तेव्हाच उघडे पडतात. मल्टिमीटरवर पाच व्होल्ट दिसले म्हणून समाधान मानू नका, ऑसिलोस्कोप लावून त्या व्होल्टेजवरचा तरंग बघा. तो वाढलेला असेल तर सगळे इलेक्ट्रोलायटिक बदला, १०५ अंशांचे, चांगल्या कंपनीचे. स्वतः उघडणार असाल तर प्राथमिक बाजूचा मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही बराच वेळ भारलेला असतो, रेझिस्टर लावून तो उतरवल्याशिवाय आत बोट नको. अर्थिंगही तपासा. आपल्याकडे काळी माती पावसाळ्यात छान वीज वाहून नेते, पण मार्चनंतर ती सुकून भेगाळते आणि खड्ड्यातला रोध वाढतो. खड्ड्यात पाणी टाकायचं काम घरोघरी विसरलं जातं.

यानंतर मॉड्यूल. मनगटाला अर्थ पट्टा, खाली सुती चादर, सिंथेटिक सतरंजी नको. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत तर नकोच. एमबस कनेक्टरवर मॉड्यूल समांतर धरून, कनेक्टरच्या डोक्यावर दोन्ही बाजूंनी सारखा दाब द्या. कोपऱ्याने आत घुसवू नका. दोन मॉड्यूल लावणार असाल तर दोन्ही एकाच जातीची आणि एकाच वेगाची घ्या. सुपरस्पार्क आणि हायपरस्पार्कची जोडी जमत नाही. काही दुहेरी मॉड्यूल जाड असतात आणि शेजारचा एसबस स्लॉट (जास्तीची कार्डं लावायची जागा) अडवतात, तुमचं ग्राफिक्स कार्ड कुठल्या स्लॉटमध्ये आहे ते आधी बघा.

दोन प्रोसेसरचा उपयोग होईल की नाही हे ऑपरेटिंग सिस्टिमवर आहे. सनची सोलारिस ही सिस्टिम दोन्ही प्रोसेसर नीट वापरते. या मशीनसाठी शेवटची आवृत्ती सोलारिस ९, २००२ ची; सोलारिस १० ला ६४ बिट प्रोसेसर लागतो. पण ९ या मशीनवर जड होतं, मी २.६ किंवा ७ सुचवेन. आजचं काहीतरी चालवायचं असेल तर नेटबीएसडी अजून या मशीनला धरून आहे. ओपनबीएसडीने ३२ बिट स्पार्क २०१६ च्या ५.९ नंतर सोडला, डेबियनने त्याच्याही बराच आधी.

आता ओ२ कडे येतो, कारण दुसरा प्रश्न जास्त धोक्याचा आहे.

ओ२ हे १९९६ चं मशीन आणि त्याची रचना वेगळीच आहे. प्रोसेसर, ग्राफिक्स, व्हिडिओ, सगळे एकाच मेमरीतून खातात. त्रिमितीतल्या आकृतीचे बिंदू फिरवायचं, प्रकाशाचं गणित करायचं काम यात प्रोसेसर करतो; ग्राफिक्सची चिप फक्त रंग भरते. म्हणून ओ२ मध्ये प्रोसेसर वाढवला की त्रिमितीचं कामही सरळ वाढतं. ज्या वर्कस्टेशनमध्ये भूमितीचं वेगळं कार्ड असतं तिथे असं होत नाही. तेव्हा ओ२ चा प्रोसेसर वाढवायची तुमची इच्छा अगदी योग्य आहे. फक्त मार्ग निवडायचा आहे.

६०० मेगाहर्ट्झची जी गोष्ट तुम्ही वाचलीत ती खरी आहे. ३०० मेगाहर्ट्झचं आरएम५२०० कार्ड घेऊन त्यावरची चिप काढतात आणि तिथे आरएम७००० सी बसवतात. म्हणजे पहिली अडचण हीच की हे तुमच्या १८० च्या कार्डावर होत नाही. त्यासाठी ३०० चं कार्ड आधी हवंच. आणि ते हातात आलं की माझ्या मते निम्मं काम झालेलं असतं, ते तसंच लावा आणि वापरा.

चिप बदलण्यात नुसती चिप बदलत नाही. आरएम७००० सी च्या गाभ्याला कमी व्होल्टेज लागतं, म्हणजे कार्डावरचा रेग्युलेटर बदलायचा. प्रोसेसर किती पट वेगाने चालायचं ते कुठे लिहिलेलं असतं? या जातीचे मिप्स प्रोसेसर रीसेट होताना शेजारच्या एका छोट्या मेमरीतून एकेक बिट करून सुरुवातीची मांडणी वाचतात: बसच्या किती पट, बाइटचा क्रम कुठला वगैरे. तिथे जुन्या चिपची मांडणी राहिली तर नवी चिप एकतर चुकीच्या वेगाने चालते नाहीतर उठतच नाही. मग प्रॉमलाही ही चिप ओळखता यायला हवी. आणि शेवटी सोल्डर. जुन्या चिपखालचे, तिला कार्डाशी जोडणारे गोळे शिसं असलेल्या सोल्डरचे, १८३ अंशांच्या आसपास वितळणारे. नंतरच्या काळातली चिप बिनशिशाच्या गोळ्यांची निघाली तर ते २१७ अंशांच्या आसपास वितळतात. दोन्हीची सरमिसळ झाली की जोड अर्धवट बसतात, थंड असताना चालतात आणि तापल्यावर सुटतात. आणि आपल्याकडे तापायला वेळ लागत नाही.

नवी पेठेतल्या मोबाईलवाल्या पोरांच्या हाताबद्दल मला आदर आहे. मायक्रोस्कोपखाली केसाएवढी वायर जोडतात ते. पण फोनचा बोर्ड पातळ आणि लहान असतो, वरून गरम हवा मारली की काम होतं. प्रोसेसर कार्ड जाड, आत तांब्याचे बरेच थर, ते उष्णता पसरवून टाकतं. खालून अख्खं कार्ड आधी हळूहळू तापवल्याशिवाय वरून हवा मारली तर कार्ड वाकतं, कडेचे गोळे वितळतात, मधले वितळत नाहीत. शिवाय वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या कार्डात ओल असते. आधी कमी आंचेवर काही तास वाळवलं नाही तर थर फुगतात. लॅपटॉपच्या बोर्डांचं रिबॉलिंग, म्हणजे चिपखालचे सोल्डरचे गोळे नव्याने बसवायचं काम करणारं, खालून तापवणारं मशीन असलेलं दुकान असेल आणि त्यांनी तुमच्यासमोर एखाद्या मेलेल्या बोर्डावर करून दाखवलं, तर गोष्ट वेगळी. तरीही ३०० चं चालू कार्ड या कामाला द्यावं असं मला वाटत नाही. ती कार्डं मोजकीच उरली आहेत आणि एक बिघडलं की जगातून एक कमी होतं.

तुमच्या ओ२ साठी माझा क्रम असा: २०० मेगाहर्ट्झचं आर५००० कार्ड सहज मिळालं तर तेही चालेल, कारण १८० च्या कार्डावर फार तर ५१२ किलोबाइट कॅश असते आणि २०० च्यावर एक मेगाबाइट. इथेही फरक वीस मेगाहर्ट्झचा कमी आणि कॅशचा जास्त. ३०० मिळालं तर उत्तमच. पण कार्ड बदलायच्या आधी, जुना प्रोसेसर असतानाच, आयरिक्स (सिलिकॉन ग्राफिक्सची ऑपरेटिंग सिस्टिम) ६.५ ची शेवटची आवृत्ती ६.५.३०, २००६ ची, टाकून घ्या आणि तिच्यातूनच मशीनची प्रॉम अद्ययावत करा. क्रम उलटा झाला तर नवं कार्ड लावल्यावर मशीन उठत नाही आणि प्रॉम बदलायला पुन्हा जुनं कार्ड लावावं लागतं.

आर१०००० किंवा आर१२००० च्या वाटेला जाऊ नका. ते कार्ड उंच असतं, त्यासाठी मदरबोर्ड वेगळा लागतो आणि दुसऱ्या डिस्कची जागा जाते. शिवाय हा प्रोसेसर सूचना क्रम सोडून, अंदाजाने आधीच चालवतो. आणि ओ२ मध्ये डिस्क किंवा नेटवर्कने मेमरीत लिहिलेलं प्रोसेसरच्या कॅशला आपोआप कळत नाही. दोन्हींचा मेळ घालायला कंपायलर आणि कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) खास काळजी घ्यावी लागते. आयरिक्स ती घेतं. लिनक्स आर५००० आणि आरएम७००० वर चालतं, आर१०००० वाल्या ओ२ वर मात्र अडतं, त्याचं मूळ हेच. मला हा दोष वाटत नाही, उलट या मशीनचा स्वभाव कळण्याची ही सगळ्यात चांगली जागा आहे. पण छंदाची सुरुवात तिथून करू नये.

प्रश्नात नसलेली एक गोष्ट सांगतो, कारण भंगारात फिरताना तुमच्या नजरेस पडेल. १९९५ चा पेंटियम प्रो, मोठा आयताकृती सिरॅमिक प्रोसेसर, वर सोनेरी पट्टी. जुन्या इंटेल वर्कस्टेशनमध्ये हे दोन-दोन असतात. भंगारवाले यातल्या सोन्यासाठी ते वजनावर विकतात आणि ॲसिडमध्ये घालतात. दिसले तर सोडवून आणा. त्याच सॉकेटसाठी इंटेलने १९९८ साली पेंटियम टू ओव्हरड्राइव्ह काढला होता, ३३३ मेगाहर्ट्झचा, ५१२ किलोबाइट कॅश प्रोसेसरच्याच पूर्ण वेगाने चालणारी. कंपनीनेच दिलेलं इतकं नेटकं अपग्रेड क्वचित सापडतं: जुना काढा, नवा बसवा. जुन्यांपैकी मला तेवढंच आवडणारं दुसरं म्हणजे वायटेकचा ८० मेगाहर्ट्झचा पॉवर मायक्रोप्रोसेसर. स्पार्कस्टेशन २ मधला ४० चा प्रोसेसर काढून त्याच जागी बसायचा, बाहेरचा वेग ४० च ठेवून आत दुप्पट चालायचा, आणि हळू बाहेरची भरपाई म्हणून पोटात २४ किलोबाइट कॅश घेऊन यायचा.

तर आता तुमचं काम: काकांच्या डिस्कची प्रतिमा, मग तूस, पंखे, पॉवर सप्लाय, एनव्हीरॅम. हे सगळं जुन्या एसएम५० वरच करा आणि तो ॲरेवाला प्रोग्रॅमही त्यावरच एकदा चालवून आकडे लिहून ठेवा. मॉड्यूल परदेशातून मागवाल तेव्हा विकणाऱ्याकडे मॉड्यूलचं दोन्ही बाजूंचं छायाचित्र आणि चालू मशीनमधल्या ‘मॉड्यूल-इन्फो’चा फोटो मागा, नुसतं ‘तपासलेलं आहे’ एवढ्यावर पैसे देऊ नका. कनेक्टर वर करून, काळ्या अँटिस्टॅटिक पिशवीत, बाजूंनी कडक फोम घालून पाठवायला सांगा. हीटसिंकचं वजन पडून कनेक्टरच्या पिना वाकलेलं मॉड्यूल सरळ करायला बसलात तर एक पिन तुटतेच. काढलेलं एसएम५० त्याच पिशवीत, वर मशीनचं नाव आणि प्रॉमची आवृत्ती लिहून ठेवा. नव्या मॉड्यूलवर शंका आली की तेच लावून बघायचं आहे. ‘बॅनर’चा फोटो काढला की इथे टाका. रॉमचा आकडा बघून एसएम६१ घ्यायचं की एसएम७१, ते लगेच सांगतो.